एक ना धड, ऑल-इन-वन

सध्या आमच्या धंद्यात एक साथ आली आहे. पनवेल, कळंबोली, उरण, जिथे जिथे फॉरवर्डरची पाटी लागलेली आहे तिथे तिथे ती पोचली आहे. लक्षणं ठरलेली. एक चुणचुणीत तरुण लॅपटॉप घेऊन येतो, पडद्यावर रंगीबेरंगी आलेख दाखवतो आणि म्हणतो, "सर, कोटेशनपासून वसुलीपर्यंत सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये!" बुकिंग, बीएल, कस्टम्सचे कागद, गाड्या, गोदाम, बिलं, हिशेब, जीएसटी, ग्राहकाला जाणारे मेसेज... सगळं. ऑल-इन-वन. मालकाचे डोळे चमकतात. मग चहा येतो आणि चहाबरोबर मुद्द्याचं वाक्य येतं. "सर, तुमच्याकडे डॉक्युमेंटेशनला चार माणसं आहेत ना? हे घेतलंत की दोघांत भागेल."

माझं भांडण आहे ते ह्या शेवटच्या वाक्याशी. आजचं लिखाण त्या भांडणापुरतंच.

आधी नातेवाईकांसाठी खुलासा, कारण आमच्या आत्याला अजूनही वाटतं की मी बंदरावर गोण्या मोजतो. फॉरवर्डर म्हणजे लग्नघरातला तो मामा, ज्याचा हॉल नसतो, आचारी नसतो, बँड नसतो आणि घोडाही नसतो, पण पंगत उशिरा बसली की सगळे त्यालाच शोधतात. माल कारखान्याचा, गाडी ट्रान्सपोर्टवाल्याची, जहाज शिपिंग लाईनचं, बंदर सरकारचं, नियम कस्टम्सचे. ह्या सगळ्यांची मोट बांधून माल वेळेवर आणि कागदासकट जहाजावर चढवायचा (किंवा उतरवून घ्यायचा), एवढाच आमचा धंदा. थोडक्यात, आम्ही माल विकत नाही. आम्ही विकतो ते लक्ष. लक्ष ठेवण्याचे पैसे घेतो. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचं कासू म्हणजे पेण आणि नागोठण्याच्या मधलं स्टेशन. दिवा-रोहा गाडी थांबते, कोकणकन्या धूळ उडवत जाते. पण हायवेच्या कडेला पाच मिनिटं उभं राहिलं तरी अख्ख्या कोकणचा कारखानदारी माल डोळ्यांसमोरून जातो. महाड एमआयडीसी, लोटे परशुराम, रोह्याची धाटाव, नागोठण्याचा पेट्रोकेमिकलचा कारखाना, सगळ्यांचे ट्रेलर इथूनच न्हावा-शेव्याकडे निघतात. २०११ पासून चाललेल्या चौपदरीकरणाच्या कृपेने ते सावकाश जातात, त्यामुळे कंटेनरवरचे नंबर आरामात वाचता येतात. ह्यातले कित्येक नंबर कुठल्या ना कुठल्या ऑल-इन-वनच्या पडद्यावर 'इन ट्रान्झिट' म्हणून हिरवे झालेले असतात. प्रत्यक्षात गाडी वडखळच्या अलीकडे खड्ड्यात बसलेली असते. असो.

आता गैरसमज नको. मी कॉम्प्युटरच्या विरोधात नाही. उलट, एकच माहिती सात ठिकाणी टाइप करण्याचा काळ मी पाहिला आहे. इन्व्हॉइसवरून चेकलिस्टमध्ये, चेकलिस्टवरून एक्सेलमध्ये, एक्सेलवरून बीएलच्या मसुद्यात, तिथून गाडीच्या चिठ्ठीत आणि शेवटी बिलात. दर ठिकाणी बोट घसरायची संधी. एकदा टाइप केलेलं सगळीकडे आपोआप जावं ही सोय खरी आहे, मोठी आहे आणि ती मिळालीच पाहिजे. कंटेनर नंबरचंच बघा ना. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून गणिताने ठरलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर चांगलं सॉफ्टवेअर तिथल्या तिथे ओरडतं. माणूस एवढ्या तत्परतेने ओरडत नाही. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण ह्याच सोयीच्या पोटात एक साप आहे. सात ठिकाणी टाइप करताना सात वेळा चुकायची भीती होती, तशी ती चूक सात वेळा कुणाच्या तरी नजरेखालून जायची शक्यताही होती. बीएलचं वजन आणि चेकलिस्टचं वजन जुळलं नाही की कुणीतरी विचारायचं, "हे काय रे?" आता ते जुळतंच. चुकीचं असलं तरी सगळीकडे सारखंच चुकीचं. आणि सगळीकडे सारखं दिसलं की ते बरोबर वाटतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. कुणाचंही नाव घेत नाही, कारखान्याचं नाही आणि सॉफ्टवेअरवाल्यांचं तर नाहीच. रसायनाचे ८० ड्रम, २० फुटी कंटेनरमध्ये भरलेले, ४० खाली आणि ४० वर. कारखान्याच्या पॅकिंग लिस्टवर निव्वळ वजन १६,००० किलो आणि ढोबळ वजनही १६,००० किलो. नवीन सॉफ्टवेअरने ते उचललं आणि शिपिंग बिलात, बीएलच्या मसुद्यात, वजनाच्या जाहीरनाम्यात, बिलात, सगळीकडे इमानदारीने पोचवलं. पडद्यावर सगळे रकाने हिरवे. डॉक्युमेंटेशनच्या मुलाने पुढचं बटण दाबलं. त्याच्या पुढ्यात त्या दिवशी तीन माणसांचं काम होतं, कारण बाकीच्या दोघांना मार्चमध्येच निरोप दिला होता.

गाडी काट्यावर चढली आणि वजन दीड टनाने जास्त आलं. फोनाफोनी सुरू झाली. कारखाना म्हणे आमचं बरोबर, ड्रायव्हर म्हणे काटा बरोबर. शेवटी निरोप दिलेल्यांपैकी एका काकांना फोन लावला. नागोठण्याचे, तीस वर्षं कागद पाहिलेले. त्यांनी आकडे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, रिकामे ड्रम काय हवेत तरंगतात?"

लोखंडी ड्रम रिकामा साधारण १८ ते २० किलोचा. ऐंशी ड्रमांचे झाले दीड टन. संपलं. गणित चौथीचं आहे. पण ते करायला 'ड्रम' हा शब्द वाचून डोळ्यांसमोर ड्रम यावा लागतो. सॉफ्टवेअरच्या रकान्यात ड्रम येत नाही, 'पॅकेज टाइप' येतो. तोवर कटऑफ गेला होता. तो कंटेनर पुढच्या आठवड्याच्या जहाजावर चढला आणि कागद दुरुस्त करायचे पैसे वेगळे पडले. (जहाजावर चढण्याआधी प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं खरं वजन जाहीर करणं १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे. चुकीच्या वजनांनी जहाजांवरच्या थप्प्या कोसळायच्या, म्हणून. तेव्हा हा नुसता कागदी खेळ समजू नका.)

तुम्ही म्हणाल, ढोबळ आणि निव्वळ वजन सारखं असेल तर लाल दिवा लागेल अशी सोय करता येईल की सॉफ्टवेअरमध्ये! येईल ना. नंतर करूनही घेतली. पण ती सोय करा हे कुणी सांगितलं? काकांनी. म्हणजे आधी काका लागतात, मग दिवा. काकांना काढून दिवा लावता येत नाही.

दुसरं उदाहरण आमच्या पेणचं. पेणच्या गणपतीच्या मूर्ती परदेशी जातात हे तुम्हाला माहीत आहेच. ते बुकिंग कधी करायचं? सॉफ्टवेअरमध्ये एक लाडकं बटण असतं, मागच्या वर्षीचं काम जसंच्या तसं उचलून नवीन करायचं. तारखा तेवढ्या एक वर्षाने पुढे. आता बघा. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि अधिक महिना आला की ती पुन्हा उडी मारून पुढे जाते, २०२६ मध्ये थेट १४ सप्टेंबर. बाप्पा इंग्रजी कॅलेंडरने येत नाहीत. त्यात २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडची बहुतेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढला. म्हणजे २०२५ चं काम २०२४ वरून उचललं तर अकरा दिवस आधीच बुडाले. विसर्जनानंतर पोचलेल्या मूर्तीचं काय करायचं असतं हे कुठल्याच सॉफ्टवेअरच्या मदत-पानावर लिहिलेलं नाही.

आणि पॅकिंग? आपल्याकडे मूर्ती म्हटली की पेंढा. ऑस्ट्रेलियासारखे देश पेंढ्यात गुंडाळलेला माल घेतच नाहीत, किडीच्या भीतीने. लाकडी खोके असतील तर ते लाकूड ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवलेलं किंवा धुरी दिलेलं हवं आणि त्यावर तसा शिक्का हवा. हे सगळं जोह्या-हमरापूरच्या कारखान्यात जाऊन मूर्तिकाराला दोन महिने आधी सांगावं लागतं, चहा पिता पिता. त्याला 'कस्टमर पोर्टलचा लॉगिन' पाठवून भागत नाही.

आता 'ऑल' ह्या शब्दाकडे वळू. सगळं एकाच ठिकाणी म्हणजे नक्की किती? आमचा अर्ध्याहून जास्त दिवस आमच्या सॉफ्टवेअरच्या बाहेर जातो. कस्टम्सचं आइसगेट वेगळं. सरकारने २०१६ मध्ये कस्टम्ससाठी 'एक खिडकी' योजना आणली. २०१८ मध्ये बंदरांसाठी नवीन एकत्रित प्रणाली आली. २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर आणखी एक एकत्रित व्यासपीठ आलं आणि २०२३ मध्ये जलवाहतुकीसाठी आणखी एक. प्रत्येकाचा दावा तोच, की आता सगळं एकाच जागी. एवढ्या 'एक खिडक्या' झाल्या की त्यांची चाळ बांधता येईल! शिवाय न्हावा-शेव्याच्या टर्मिनलांच्या आपापल्या वेबसाइट, प्रत्येक शिपिंग लाईनची वेगळी, सीएफएसवाल्यांच्या वेगळ्या. ऑल-इन-वनवाल्याचं 'ऑल' आमच्या ऑफिसच्या दारापाशी संपतं आणि खरं काम दाराबाहेर सुरू होतं.

दाराबाहेरचं काम वेळेशी बांधलेलं आहे. आयात मालाची बिल ऑफ एन्ट्री २०२१ पासून जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत भरावी लागते. उशीर झाला आणि पटण्यासारखं कारण देता आलं नाही, तर पहिले तीन दिवस रोजचे ५,००० रुपये आणि पुढे रोजचे १०,०००. आठवडाभराचा हिशेब करा, ५५,००० रुपये होतात. ज्या माणसाला 'वाचवण्यासाठी' सॉफ्टवेअर घेतलं, त्याचा महिन्याचा पगार एवढा असता तर तो रोज गाडीला लटकून आला असता का?

बरं, पडदाच बंद पडला तर? हा प्रश्न विचारला की लॅपटॉपवाला तरुण हसतो. "सर, क्लाऊडवर आहे." त्याला २७ जून २०१७ ची आठवण करून द्यावी. त्या दिवशी एका व्हायरसने मर्स्क ही तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी कंटेनर कंपनी आडवी केली आणि आपल्या न्हावा-शेव्याला तिच्याच समूहाचं जे टर्मिनल आहे तेही अडकलं. मर्स्कचे अध्यक्ष पुढच्या जानेवारीत दावोसला म्हणाले, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. आणि त्या दिवसांत धंदा किती घटला? फक्त २० टक्के. बाकीचा ८० टक्के माल माणसांनी हाताने हलवला, फोनवर बोलून आणि कागदावर लिहून. त्यांच्याकडे तेव्हा हाताने काम करू शकणारी माणसं शिल्लक होती, हे महत्त्वाचं.

त्यातली एक गंमत तर आपल्याकडची वाटेल. सगळं जाळं उभं करायला लागणाऱ्या मूळ माहितीची जगभरातली एकूण एक प्रत पुसली गेली होती. एक सोडून. ती घानाच्या ऑफिसात वाचली, कारण व्हायरस पसरला तेव्हा तिथली वीज गेलेली होती! म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या ऑल-इन-वनला लोडशेडिंगने तारलं. महावितरणला उगाच शिव्या देतो आपण :)

मोठ्यांची आणखी दोन उदाहरणं देतो, कारण "मोठ्या कंपन्या करतात मग आपण का नाही" हे वाक्य मालकांच्या तोंडी फार असतं. डीएचएलने आपल्या फॉरवर्डिंगच्या कामासाठी जगभर एकच नवीन प्रणाली उभी करायला घेतली आणि २०१५ मध्ये त्यापोटी ३४.५ कोटी युरो बुडीत खात्यात टाकले. नंतर ते बाजारात तयार मिळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळले, पण तुकड्या-तुकड्याने आणि दमाने. दुसरं, मर्स्क आणि आयबीएमने २०१८ मध्ये ट्रेडलेन्स नावाचं व्यासपीठ काढलं. सगळ्या जगाची जहाजवाहतूक एका जागी दिसणार होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०२३ मध्ये ते बंद झालंही. सगळा उद्योग एकत्र आला नाही, हे कारण त्यांनी स्वतःच दिलं. यायचा कसा? आपली चोपडी दुसऱ्या व्यापाऱ्याच्या कपाटात कोण ठेवील?

आमच्या छोट्या फॉरवर्डरांना मात्र हा प्रश्न पडत नाही. कुठल्या ग्राहकाला काय भाव दिला, कुठल्या लाईनकडून किती सूट मिळते, कोण पैसे बुडवतो, हेच तर आमचं भांडवल. ते सगळं परक्याच्या कपाटात आणि किल्लीचं भाडं दर महिन्याला. पहिल्या वर्षी भाडं कमी असतं. तिसऱ्या वर्षी वाढतं. तेव्हा सोडून जायचं म्हटलं तर माहिती अशा रूपात मिळते की ती दुसरीकडे ओतता येत नाही. आमच्या माहितीतल्या एका ऑफिसला पाच वर्षांची जुनी कामं पीडीएफच्या ढिगाऱ्यात मिळाली. ऑल-इन-वनचा हाही अर्थ लक्षात ठेवा. एक हातातून गेलं की सगळंच गेलं.

आणि जबाबदारी? कस्टम्स ब्रोकरांचे २०१८ चे नियम स्पष्ट आहेत. ग्राहक खरा आहे का, त्याचा आयात-निर्यात कोड आणि जीएसटी नंबर बरोबर आहे का, तो दिलेल्या पत्त्यावर खरंच धंदा करतो का, हे ब्रोकरने तपासायचं. नोकरांच्या चुकांनाही ब्रोकरच जबाबदार. परवाना त्याचा जातो. सॉफ्टवेअर कंपनीच्या करारात मात्र सहसा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की माहिती बरोबर असल्याची जबाबदारी वापरणाऱ्याची. मग वाटणी अशी झाली: लक्ष ठेवायची माणसं आम्ही कमी करायची, भाडं त्यांनी घ्यायचं आणि चुकलं की नोटीस आमच्या नावाने. वर म्हटलं होतं ना, आम्ही लक्ष विकतो. तेच विकून टाकल्यावर दुकानात उरलं काय?

"मग काय पुन्हा चोपड्या लिहायच्या का?" असं माझा धाकटा मावसभाऊ विचारणार, तो आयटीत आहे. नाही रे बाबा. टाइप करायचं काम यंत्राला द्या, आनंदाने द्या. जो वेळ वाचला त्यात त्याच माणसाला कागद वाचायला लावा, म्हणजे झालं. सॉफ्टवेअरने चार माणसांचा निम्मा वेळ वाचवला असेल तर त्याचा अर्थ दोन माणसं जास्त झाली असा होत नाही. चौघांनाही पहिल्यांदाच नीट बघायला फुरसत मिळाली, असा होतो. हा हिशेब एकाही ब्रोशरमध्ये नाही, कारण त्यात मालकाला लगेच दिसणारी बचत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते. आमच्या भागातली मुलं बारावी, बी.कॉम. करून ह्या धंद्यात शिरतात ती टाइपिंगच्या खुर्चीवरून. कासू, पेण, नागोठणे, रोहा, गाडीचा पास काढायचा आणि पनवेलला उतरायचं. वर्ष-दोन वर्षं दुसऱ्यांचे कागद टाइप करता करता ती कागद वाचायला शिकतात. एच कार्ड मिळतं, परीक्षा देऊन जी कार्ड मिळतं, मग ती स्वतः बंदरावर उभी राहून बोलू लागतात. त्या ड्रमवाल्या काकांची सुरुवातही टाइपरायटरवरच झाली होती. आज ती पहिली खुर्चीच काढून टाकली, तर वीस वर्षांनी फोन कुणाला लावणार? जिना तोच, पण खालची पायरी काढलेली. वरच्या पायरीवर आज बसलेले आहेत त्यांना हे दिसत नाही, कारण ते चढून गेलेले आहेत.

तेव्हा मालक मंडळींनो, लॅपटॉपवाला आला की त्याला तीन प्रश्न विचारा. एक, माझी सगळी माहिती मला उद्या हवी झाली तर कुठल्या रूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत देणार, हे करारात लिहून देणार का? दोन, तुझा पडदा दोन दिवस बंद राहिला तर माझी गाडी बंदरात कशी जाईल, हे माझ्या माणसांना आज शिकवून दाखवणार का? तीन, ढोबळ आणि निव्वळ वजन सारखं असलं तर तुझं सॉफ्टवेअर काय करतं?

तिन्ही उत्तरं धड मिळाली तर जरूर घ्या. आणि "दोघांत भागेल" म्हणाला, तर त्याला चहा पाजा, बिस्किटं द्या आणि पनवेलच्या गाडीत बसवून या.